जमिनीला विचारून मग खड्डा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून बालसंगोपनापर्यंत पुष्कळ विषय होऊन गेले. यंदाचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी नाकाला पदर लावला असेल. सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि त्याखालची माती! सणासुदीला बोलायचा हा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. पण आपल्या नव्या वास्तूचा आराखडा तयार झाला आहे, पायाची आखणी दिवाळीनंतर व्हायची आहे, आणि आराखड्यात संडासाचा शोषखड्डा ज्या कोपऱ्यात दाखवला आहे, त्या कोपऱ्याच्या गडग्यापलीकडे चार घरांची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. तेव्हा हे बोलणे आजच झालेले बरे. पाया भरल्यावर बोलून काय उपयोग?

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. सेप्टिक टँक बांधली की घाण शुद्ध झाली, असे आपल्यापैकी बहुतेकींना वाटते. तसे नाही. १८९५ साली इंग्लंडातील एक्झेटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशी बंद टाकी बांधली आणि तिला हे नाव दिले. तेव्हापासून टाकीचे काम बदललेले नाही. आलेला मैला दिवस-दोन दिवस संथ ठेवायचा, जड भाग गाळ म्हणून तळाशी बसू द्यायचा, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगू द्यायचा, आणि मधले पाणी पुढे सोडायचे. ते पाणी दिसायला बरे असते, पण त्यात रोगजंतू भरपूर असतात. त्यांना अडवण्याचे खरे काम करते ती शोषखड्ड्याभोवतीची माती. मातीच्या कणांमधून पाणी हळूहळू झिरपते, जंतू कणांना चिकटतात, मातीतील इतर सूक्ष्म जीव त्यांचा फडशा पाडतात. म्हणजे सिमेंटची टाकी हे अर्धेच यंत्र झाले. उरलेले अर्धे यंत्र जमिनीत आहे, ते आपण विकत आणत नाही, आणि म्हणूनच ते तपासून घ्यायचे कोणाला सुचत नाही. साडी घेताना आपण पदर उलगडून, सूत चिमटीत धरून पाहतो. माती मात्र न पाहताच घेतो!

हे न पाहण्याचे मोल काय पडते? १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या उपशापर्यंत पोहोचले होते, आणि एकोणतीस हजारांवर माणसे काविळीने आजारी पडली. त्या काविळीचा जो विषाणू पुढे ओळखला गेला, तो गरोदर स्त्रियांना विशेष घातक असतो. ती गोष्ट नदीच्या पाण्याची आणि मोठ्या शहराची झाली; पण विहिरीत झिरपणाऱ्या मैलापाण्यातून हीच कावीळ येते, विषमज्वर येतो, हगवण येते. पाणी उकळून प्यावे, हे आपण सर्वजणी जाणतो. परंतु मैलापाण्यातून नायट्रेट नावाचा क्षार तयार होतो, तो मातीत अडत नाही आणि उकळूनही जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉक्टर हंटर कॉम्ली यांना असे आढळले, की शेतघरांच्या विहिरींचे पाणी घालून केलेले दूध ज्या तान्ह्या बाळांना पाजले जात होते, त्यांतील काही बाळे निळी पडत होती. कारण त्या पाण्यातले नायट्रेट. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे असा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. गडग्यापलीकडच्या त्या चार घरांत सध्या दोन तान्ही बाळे आहेत, एवढे सांगून मी पुढे जाते.

आता आपली जमीन. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे वर तांबडी माती, खाली जांभा आणि काही ठिकाणी उघडा कातळ. चिरेखाणीत उभ्या राहून तुम्ही चिरा पाहिला असेल; त्याला भोके असतात, नळ्या असतात, कुठे भेगा असतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस याच भोकांतून खाली उतरतो आणि आपल्या विहिरी भरतो. ज्या वाटेने पावसाचे पाणी विहिरीला मिळते, तीच वाट शोषखड्ड्याच्या पाण्यालाही मोकळी असते. मेस्त्रींशी माझे या बाबतीत बोलणे झाले. ते म्हणाले, "बाई, आपल्याकडे पाण्याची काळजीच नको. कितीही सोडा, जिरते. माझ्या हाताखालचा एक खड्डा कधी भरला नाही."

मी म्हटले, "मेस्त्री, जिरते हे खरेच. पण जिरून जाते कुठे?"

ते हसले आणि त्यांनी तंबाखूची डबी काढली. मेस्त्री कामाला पक्के आहेत आणि त्यांची भिंत कधी ओळंब्याबाहेर जात नाही. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. खड्डा भरला नाही म्हणजे खड्डा चांगला, अशीच सर्वांची समजूत आहे. परंतु माती फार सावकाश पाणी घेत असेल तर मैलापाणी वर अंगणात येते, आणि फार भरभर घेत असेल तर ते न गाळता विहिरीत जाते. पहिला दोष नाकाला कळतो आणि लगेच दुरुस्त होतो. दुसरा कोणालाच कळत नाही, आणि म्हणून मी त्याला अधिक भिते.

ज्यांचे माहेर घाटावर आहे त्यांना याच्या नेमका उलट अनुभव असेल. तिकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी घट्ट होते. पाणी तिच्यात शिरायला तयार नसते. हीच माती चैत्र-वैशाखात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी कोणी खड्ड्यात बादली ओतून पाहिली तर पाणी बघता बघता नाहीसे होते, आणि 'जमीन फार उत्तम आहे' असा शेरा मिळतो. मृगाचा पाऊस पडल्यावर त्याच जमिनीत थेंब जिरत नाही. म्हणून उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर घाईने केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

परीक्षेला आरंभ डोळ्यांनी आणि हातांनी करावा. जिथे शोषखड्डा करायचा तिथे एक मोठा खड्डा खणून त्याच्या बाजू पाहाव्यात. माती कुठवर आहे, जांभा कुठे लागतो, भेगा आहेत का? माती एकसारखी तांबडी किंवा तपकिरी असेल तर तिच्यात हवा खेळते असे समजावे. राखाडी झाक आणि मध्ये गंजासारखे डाग दिसले, तर वर्षातले काही महिने तिथे पाणी तुंबून राहते. मग मूठभर माती ओली करून मळावी. पोळीची कणीक मळणाऱ्या हातांना हे मी काय शिकवणार! गोळाच होत नसेल तर वाळू अधिक. गोळा होतो पण वळी मोडते तर मध्यम. आणि लांब, गुळगुळीत वळी होऊन ती वाकवली तरी तुटत नसेल तर चिकणमाती. आणखी एक सोपी रीत म्हणजे काचेची बरणी घ्यावी, तिच्यात तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी घालून खूप हलवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात खाली बसते, मऊ गाळ दोनेक तासांत बसतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की मातीची जात कळते.

दुसरी गोष्ट जमिनीतल्या पाण्याच्या पातळीची. यासाठी कोणा तज्ज्ञाला विचारण्यापेक्षा विहिरीवर जाणाऱ्या बाईला विचारावे. वैशाखात दोर किती सोडावा लागतो आणि श्रावणात किती, हे तिला पाठ असते. आपल्याकडे कित्येक विहिरींवर श्रावणात वाकून कळशी बुडवता येते. म्हणजे त्या काळात जमिनीतले पाणी हाताच्या अंतरावर आलेले असते, आणि शेजारचा दोन मीटर खोल शोषखड्डा त्या पाण्यात उभा असतो. मग गाळणारी माती उरली कुठे? खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली सर्वांत वरची पातळी यांच्यामध्ये निदान दोन मीटर कोरडी माती मिळावी, असे माझे मत आहे. ती मिळत नसेल तर खोल खड्ड्याचा नाद सोडून उथळ आणि लांब चर काढावेत.

आता मुख्य परीक्षा, म्हणजे पाणी उतरण्याचा वेग मोजणे. १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील हेन्री रायन या अभियंत्याने ती प्रचारात आणली. चालू असलेल्या आणि तुंबलेल्या शोषजागांशेजारी लहान खड्डे घेऊन त्यांत पाणी किती वेळात उतरते ते त्याने मोजले, आणि त्याचा मेळ घातला. आपल्या भारतीय मानकातही हीच रीत थोड्या फरकाने दिली आहे. ती करायला यंत्र लागत नाही. कुदळ, पहार, पट्टी आणि घड्याळ एवढे पुरे.

जितक्या खोलीवर पाणी जिरायचे आहे तितक्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा, सरळ बाजूंचा खड्डा घ्यावा. पहारीने किंवा कुदळीने खणताना बाजूची माती लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि तिची छिद्रे बुजतात. म्हणून टोकदार सळईने बाजू आणि तळ खरवडून घ्यावेत व सुटी माती काढून टाकावी. तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरावी, म्हणजे पाणी ओतताना तळ ढवळत नाही. मग खडीवर निदान ३० सेंटिमीटर पाणी चढेल इतके ओतावे आणि खड्डा तसाच ठेवून घरी जावे.

हे 'घरी जावे' फार महत्त्वाचे आहे. कोरडी माती पहिले पाणी आधाशासारखी पिते. तो तिचा खरा वेग नव्हे. रात्रभर भिजून, फुगून ती पावसाळ्यातल्यासारखी झाली पाहिजे. चोवीस तासांनी पुन्हा जावे. पाणी उरले असेल तर ते खडीवर १५ सेंटिमीटर राहील असे करून अर्ध्या तासात किती उतरते ते मोजावे. सगळे जिरून गेले असेल तर पुन्हा १५ सेंटिमीटर भरावे, दर अर्ध्या तासाने मोजावे, लागेल तशी भर घालावी, आणि असे चार तास करावे. शेवटच्या अर्ध्या तासात जेवढे उतरले तेच धरायचे. आधीचे आकडे वहीत लिहावेत, पण त्यांवर हिशेब करू नये. वाळूसारख्या जमिनीत अर्ध्या तासाच्या आतच पाणी संपते. तिथे दर दहा मिनिटांनी मोजून तासाभरात परीक्षा उरकावी आणि शेवटची दहा मिनिटे धरावीत. मोजताना पट्टी दर वेळी एकाच ठिकाणाहून धरली पाहिजे. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून तिच्यावर खूण करावी. एकाच खड्ड्यावर विसंबू नये, तीन तरी घ्यावेत. जांभ्यात एका हाताच्या अंतरावर निराळा स्वभाव सापडतो. आणि रात्री खड्ड्यांवर फळ्या टाकून वर दगड ठेवावेत, कारण पोरे आणि वासरे कुठेही पाय घालतात.

२५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागली, हा आपला आकडा. समजा शेवटच्या अर्ध्या तासात ५ सेंटिमीटर उतरले, तर आकडा झाला १५. मानकाप्रमाणे हा आकडा ३० पर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर खड्ड्याऐवजी लांब चर घ्यावेत. ६० च्या पुढे गेला तर जमिनीत जिरवण्याची आशा सोडून पाणी गाळण्याची दुसरी योजना करावी लागते. खड्डा केवढा हवा तेही यावरून निघते. आकडा ५ असेल तर मातीच्या दर चौरस मीटरला दिवसाला ९० लिटर मैलापाणी द्यावे, १५ असेल तर ५२, ३० असेल तर ३७, ६० असेल तर २६.

इथे एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. पाच मिनिटांत २५ मिलिमीटर या वेगाने हिशेब केला तर चौरस मीटरमधून दिवसाला सात हजार लिटर स्वच्छ पाणी उतरेल. मग परवानगी नव्वदचीच का? कारण मैलापाणी मातीला लागते तिथे काही महिन्यांत एक काळा, बुळबुळीत थर धरतो, आणि पुढे पाणी किती जिरायचे ते हा थर ठरवतो. नव्या खड्ड्याच्या वेगावर भुलू नये, तो पहिल्या वर्षाचा उत्साह असतो. हा थर वाईटच आहे असेही नाही. जंतू अडवण्याचे बरेचसे काम तोच करतो.

पाच माणसांचे घर घेऊ. फक्त संडासाचे पाणी टाकीत घेतले तर माणशी दिवसाला ४५ लिटर धरून २२५ लिटर होते. १.२ मीटर व्यासाचा आणि पाण्याच्या नळीखाली १.५ मीटर खोल असा खड्डा घेतला तर त्याच्या बाजूंचे क्षेत्र सुमारे साडेपाच चौरस मीटर भरते. तळ धरत नाहीत, तो गाळाने लवकर बुजतो. आकडा १५ आला तर हा खड्डा २९० लिटरांच्या आसपास घेईल, म्हणजे पुरेल. आकडा ३० आला तर २०० लिटरांवर थोडे, म्हणजे अपुरा पडेल, आणि मोठा किंवा दुसरा खड्डा हवा. मोरीचे आणि न्हाणीचे पाणी टाकीत आणू नका, एवढे माझे ऐकाच. ते केळी-माडांना जाऊ द्या. आपल्या आज्यांनी हेच केले.

अंतराविषयी मानक असे सांगते, की शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावा. पण हा अठराचा आकडा गाळणारी माती गृहीत धरून आहे. भेगाळ कातळात अठरा मीटर म्हणजे काहीच नव्हे. तिथे अंतर वाढवावे, खड्डा विहिरीच्या उताराला खाली घ्यावा, आणि पाणी फार भरभर जात असेल तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर घालावा. निसर्गाने गाळणी दिली नाही, तर ती आपण बाहेरून आणायची.

याच मुलखात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, अप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाने माणसाचा मैला उचलू नये म्हणून साध्या संडासांचे प्रयोग केले. ज्या काळी या गोष्टीचे नाव सभेत काढणे चमत्कारिक वाटे, त्या काळी त्यांनी ती आपले काम म्हणून पत्करली. आज टाकीत उतरून हाताने साफ करायला माणसाला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतल्या विषारी वायूने माणसे क्षणात बेशुद्ध पडतात आणि त्यांना काढायला उतरलेलीही दगावतात. म्हणून आपली टाकी अशा ठिकाणी हवी, की उपशाची गाडी रस्त्यावर उभी राहून तिची नळी टाकीपर्यंत पोहोचेल. आराखड्यात ही सोय नाही, तीही या निमित्ताने पाहावी.

आता आपल्या जागेकडे येते. गेल्या आठवड्यात मी आणि आपल्या खजिनदारबाईंनी फीत धरून मोजले. आराखड्यातल्या शोषखड्ड्याच्या कडेपासून विहिरीच्या काठापर्यंत १३ मीटर भरतात, आणि जमिनीचा उतार विहिरीकडे आहे. ही जागा माझ्या मते रद्द केली पाहिजे, मग मातीचा आकडा काहीही येवो. बांधकाम समितीचे म्हणणे मी ऐकले आहे. संडास त्या बाजूला, नळ लांबवला तर खर्च वाढतो, आणि वर्गणी अजून पुरी जमलेली नाही. हे सारे खरे आहे. नैर्ऋत्येला पडक्या गोठ्याचे जोते आहे, तिथून विहीर २६ मीटर दूर आहे, उतार रस्त्याकडे आहे, आणि उपशाची गाडीही तिथे येईल. नळ चौदा मीटर जास्त लागेल. खजिनदारबाईंनी सभागृहाच्या दर्शनी कमानीचा खर्च पुढच्या वर्षावर टाकण्याची सूचना केली आहे. तिला माझे अनुमोदन आहे. कमान नसली तरी सभा भरते.

गोठ्याची जागा चांगलीच निघेल असे मात्र मी म्हणत नाही. गुरांच्या खुरांनी वरची माती धुमसल्यासारखी बसलेली असते. खाली काय आहे ते खणल्यावाचून कळणार नाही. फणसाच्या मुळ्याही त्या अंगाला आल्या असतील, तेव्हा फणसापासून जरा दूरच खणावे लागेल. आश्विन लागला आहे, जमीन पावसाने पोटभर प्यालेली आहे, विहिरी वर आहेत. परीक्षेला याहून चांगले दिवस मिळायचे नाहीत. मेस्त्रींनी खणायला माणूस द्यायचे कबूल केले आहे, आणि स्वतः बघायला येतो म्हणाले आहेत.

शनिवारी दुपारी तीन वाजता तीन खड्डे खणून, खरवडून पाणी भरायचे आहे. पाणी शेजारच्या विहिरीचेच काढू. त्या घरच्या वहिनींनी आनंदाने परवानगी दिली, आणि काय चालले आहे ते पाहायला त्याही येणार आहेत. रविवारी दुपारी तीनपासून सातपर्यंत मोजणी. प्रत्येक खड्ड्यापाशी दोघीजणी हव्यात, एकीने पट्टी धरायची आणि एकीने लिहायचे. कळश्या आणि एक पहार माझ्याकडे आहे. ज्यांच्या घरी शिवणाची लाकडी पट्टी असेल त्यांनी ती आणावी, कापडी फीत ओली झाली की ताणते. चहाचे मंडळाकडे आहे, दूध मात्र कोणी तरी आणा.